ऑफिसातलं दुपारचं जेवण, मुंबई: हॉटेल, घरचा डबा की खानावळ?

चारपुडी

नोकरी लोअर परळला, घर डोंबिवलीत. ऑफिसच्या आसपास साध्या शाकाहारी थाळीचे आता १८० रुपये होतात, ताक वेगळं. काही वर्षांपूर्वी त्याच हॉटेलात १२० होते आणि पोळी दुसऱ्यांदा विचारायला यायचे. आता तीन पोळ्या, दोन वाट्या, मूदभर भात, तेवढ्यावर उठायचं. आमच्या इमारतीतलं कॅन्टीन थोडं स्वस्त आहे, पण तिथे रोज बटाटा.

महिन्याचे २२ दिवस धरले तर माझ्या एकट्याच्या दुपारच्या जेवणाचे ३,९६० रुपये. बायको ठाण्याला नोकरी करते, तिचंही साधारण असंच. म्हणजे दोघांचे आठ हजारांच्या आसपास, चहा आणि संध्याकाळचं खाणं सोडून. सध्या आठवड्यातून दोन-तीन दिवस डबा असतो, बाकी बाहेर.

रोज डबा न्यायचा ठरवला तर खरोखर किती वाचतात, हा हिशोब मला नीट मांडायचा आहे. ज्यांनी मासिक डबा लावला आहे, खानावळीत जेवतात किंवा पूर्णपणे घरच्या डब्यावर आहेत, त्यांनी अनुभव सांगा. आकडे दिलेत तर फार बरं होईल.

---

विरारफास्ट

डबाच. यात विचार करण्यासारखं काही नाही.

आदल्या रात्री मटकी, चवळी किंवा मूग भिजत घालायचे, सकाळी कुकर लावून फोडणी द्यायची. कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये. सकाळी फक्त पोळ्या लाटायच्या. गवार, फरसबी निवडायची ती रविवारी टीव्हीसमोर बसून. आणि डोंबिवलीहून येता तर चार पुडांचा उभा डबा विसरा. चपटा, क्लिपचा स्टीलचा घ्या, पिशवी पुढे धरली की गर्दीतही सरळ राहतो. झाकणाची रबराची रिंग दर काही महिन्यांनी बदला. आमटी-रस्सा सांडतो तो त्या ढिल्या रिंगेमुळे.

---

हिशोबनीस

आकडे मागितलेत म्हणून देतो.

क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरी शिजवलेल्या थाळीचा खर्च काढते. पोळी, भाजी (कांदा, टोमॅटो, बटाटा), डाळ, भात, दही, कोशिंबीर अशी शाकाहारी थाळी. २०२५ मध्ये तो आकडा बहुतेक महिने २६ ते २९ रुपयांच्या दरम्यान राहिला. कांदा-टोमॅटो चढले की वर, उतरले की खाली. देशभराची सरासरी आहे, मुंबईत भाजी महाग पडते. शिवाय आपण रोज कांदा-बटाट्यावर राहत नाही. उसळ, पनीर, बरं तेल असं सगळं धरून डब्याला ५० रुपये पकडा.

१८० वजा ५०, म्हणजे दिवसाला माणशी १३०. दोघांचे २६०. महिन्याला ५,७२०. वर्षाचे साडेअडुसष्ट हजारांच्या वर. छोटी रक्कम नाही.

---

विरारफास्ट

तेच म्हणतोय. विषय संपला.

---

मीठभाकर

संपला नाही. चारपुडी, एक विचारते. सध्याचा दोन-तीन दिवसांचा डबा करतं कोण?

हिशोबनीसांनी दिलेल्या आकड्यात धान्य आहे, डाळ आहे, तेल आहे, गॅससुद्धा आहे. पोळ्या लाटणारे हात नाहीत. ते त्या आकड्यात कधीच नसतात, कारण घरच्या माणसाला कोणी पगार देत नाही. म्हणून डबा स्वस्त दिसतो.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो असं आलं. पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही जवळपास तेवढीच.

आता तुमच्याच ५,७२० वर हिशोब करू. दोन डब्यांना सकाळी सव्वा तास लागतो. आदल्या संध्याकाळचं निवडणं-चिरणं, बाजारात जाणं, डबे आणि भांडी घासणं मिळून आणखी पाऊण तास. दिवसाचे दोन तास, महिन्याचे ४४. तासाला १३० रुपये पडले. हे काम हलकं नाही, आणि हे १३० रुपये ज्या हातांनी वाचवले त्या हातांत कधी पडत नाहीत. दुसऱ्याच्या खात्यात बचत म्हणून दिसतात.

डबा नको असं मी म्हणत नाही. मी स्वतः नेते. पण तुलना करायची तर दोन्हीकडची मजुरी धरा. हॉटेलच्या १८० मध्ये आचाऱ्याचा पगार आहे.

---

विरारफास्ट

मीठभाकर ताई, तुमचा मुद्दा समजतो, पण घरच्या माणसाचं प्रेम तासावर मोजायला लागलो तर घरात उरलं काय? माझी आई चाळीस वर्षं डबे करत आली. तिला कोणी पैशाची भाषा केली तर वाईट वाटेल.

---

मीठभाकर

दादा, प्रेम मोजू नका. वेळ मोजा. वेळ मोजला की कळतं तो कोणाचा जातोय, आणि मग घरात वाटून घेता येतो. तुम्ही वर लिहिलंत की कणीक रात्री मळायची, गवार रविवारी निवडायची. ते तुम्ही करत असाल तर माझं काही म्हणणं नाही, उलट तुमच्यासारखे अजून हवेत.

आणखी एक सांगते. आईनं घरी लाटलेली पोळी देशाच्या उत्पन्नात धरत नाहीत. तीच पोळी पोळी-भाजी केंद्रातून विकत आणली की धरतात. पीठ तेच, तवा तोच.

---

विरारफास्ट

कणीक मीच मळतो. पोळ्या आई. तुमचं म्हणणं आज घरी बोलतो.

---

चारपुडी

डबा आई करते. वय ६८. पावणेपाचला उठते, कारण मला साडेसहाला निघावं लागतं. गुडघे दुखतात, उभं राहवत नाही म्हणून ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलंय. आम्ही दोन-तीन दिवसच डबा नेतो त्याचं कारण तेच, पण ती स्वतः म्हणते की बाहेर कशाला पैसे घालवता, मी करते की रोज.

तिला रोज करायला लावायचं नाही, हे माझं आधीपासून ठरलेलं आहे. मी आणि बायको मिळून केलं तर किती जमेल, आणि नाही जमलं तर पुढचा पर्याय कोणता, हे शोधतोय.

---

नाक्यावरचा

माझं छोटं हॉटेल आहे, दादर भागात. तुमच्या १८० रुपयांचं काय होतं ते आतून सांगतो. आमची थाळी १६० ची आहे.

कच्चा माल आणि गॅस मिळून ६५. पगार ४०. भाडं, वीज, पाणी ३५. उरले २०. त्यातून मोडतोड, कामगारांचं जेवण, उरून वाया गेलेलं अन्न आणि मग माझं घर.

गॅसचं बघा. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर वाढून ८५२.५० झाला. १४.२ किलोचा, म्हणजे किलोला ६० रुपये. त्याच महिन्यात १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर १,७१३.५० होता, किलोला ९०. गॅस तोच, आम्हाला दीडपट. त्यात जीएसटी १८ टक्के, घरगुतीत ५. आमचा दर दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, कधी खालीही येतो. पण मेनूकार्ड काही दर महिन्याला छापता येत नाही.

तेलाचं तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून एकदम साडेसत्तावीसवर नेलं, तेव्हा १५ किलोचा डबा हां हां म्हणता चढला. मे २०२५ च्या अखेरीस ते साडेसोळावर आणलं. तोवर आठ-नऊ महिने आम्ही रेटले.

आणि जीएसटी. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हॉटेलला ५ टक्के लागतो, पण आम्ही खरेदीवर भरलेला कर त्यातून वळता होत नाही, म्हणजे वजा करून मिळत नाही. दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के भरतो, ते सगळं आमच्याच खर्चात जातं. गिऱ्हाईक म्हणतं फक्त पाचच टक्के तर आहे, ते खरं, पण मागे अडकलेला कर थाळीच्या दरात मिसळलेला असतो. ॲपवरून ऑर्डर आली तर त्यांचं कमिशन आणखी वेगळं. म्हणून ॲपवर दर जास्त लावावा लागतो.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमचा दुपारचा धंदा साडेबारा ते सव्वादोन. पावणेदोन तासांत चोवीस तासांचं भाडं काढायचं. पूर्वी सोमवार ते शुक्रवार सारखी गर्दी असायची, किती भात लावायचा ते आचाऱ्याला न विचारता माहीत होतं. आता ऑफिसं आठवड्यातले दोन-तीन दिवस भरतात. मंगळवार-बुधवारी रांग, सोमवार-शुक्रवारी टेबलं रिकामी. कमी शिजवलं तर मंगळवारी गिऱ्हाईक परत जातं, जास्त शिजवलं तर शुक्रवारी वरण ओतून द्यावं लागतं. ओतलेल्या वरणाचे पैसे शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी थाळीत जातात.

---

एकटाजीव

नाक्यावरचा, हे कोणी सांगत नाही. मनापासून आभार.

मी अंधेरीत भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. एकट्यासाठी डब्याचा हिशोब ५० वर बसत नाही. मेथीची जुडी आणली की अर्धी पिवळी पडते. फ्लॉवरचा गड्डा चार दिवस खायचा. नारळ फोडला की उरलेली वाटी कशात घालू हा प्रश्न. मी शेवटी असं केलंय की भाजी घरी करतो, एकच, कोरडी, आणि पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून घेतो. दहा रुपयाला एक. तीन पोळ्यांचे तीस, भाजीचे पंचवीस-तीस. साठच्या आत पोटभर होतं आणि सकाळी पंचवीस मिनिटांत निघतो. चारपुडींच्या घरीही फक्त पोळ्या बाहेर काढल्या तरी अर्धं काम जाईल.

---

मीठभाकर

अर्ध्याहून जास्त. उभं राहणं असतं ते पोळ्यांचंच.

---

मावळचा

वडील डबेवाले, काका डबेवाले, मी चार वर्षं लाइनवर होतो, आता दुसरं काम करतो. वर डबेवाल्यांचा विषय निघाला नाही म्हणून लिहितोय.

१८९० पासून हे काम मुंबईत चालू आहे, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं. आम्ही बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव इकडचे. सकाळी घरोघरचे डबे उचलायचे, स्टेशनात आणायचे, कोणत्या स्टेशनाला उतरायचा त्याप्रमाणे लावायचे. झाकणावरचे आकडे आणि रंग बघून पुढचा माणूस उचलतो. दुपारनंतर रिकामा डबा त्याच वाटेनं परत घरी. यातला फायदा असा की सहाला निघणाऱ्या माणसाचा डबा घरात नऊपर्यंत केला तरी चालतो. घरच्या बाईला पावणेपाचला उठावं लागत नाही. पूर्वी लोक डबेवाला लावत ते मुख्यतः यासाठी, आणि गर्दीत डबा धरावा लागू नये यासाठी.

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. पुष्कळ जण गावी गेले, शेती बघायला लागले, कोणी वॉचमन झाले, कोणी परत आलेच नाहीत. आणि जे परत आले त्यांना नाक्यावरच्या दादांनी सांगितलं तीच अडचण. गिऱ्हाईक म्हणतं आठवड्याला तीनच दिवस जातो, तीनच दिवसांचे घे. माणसाला मात्र लोकलचा पास महिन्याचाच काढावा लागतो, सायकल रोज चालवावी लागते. एका लाइनीला ठराविक डबे नसतील तर तो माणूस तिथे उभाच राहू शकत नाही. लाइन तुटली की ज्यांना रोज डबा हवा होता त्यांचाही बंद होतो.

डोंबिवलीहून लोअर परळला सध्या लाइन आहे का, ते मी विचारून सांगतो.

---

लालबागची

मी खानावळ चालवते. आई पण चालवायची. हा धागा वाचून राहवलं नाही.

लोअर परळला आज तुम्ही बसता तिथे गिरण्या होत्या. कोकणातले, घाटावरचे पुरुष एकटे राहायचे, एका खोलीत पंधरा-वीस जण पाळ्यांनी झोपायचे. त्यांना जेवू घालायला आमच्यासारख्या घरांतल्या बायका होत्या. चाळीतल्या एकाच खोलीत चूल, तिथेच पंगत. सकाळपाळीचे, रात्रपाळीचे वेगळे. पैसे पगार झाला की महिन्याचे. तोवर वाण्याकडून उधार, आणि त्यावर व्याज. आई सांगायची की सगळा नफा वाणी आणि सावकार घेऊन जायचे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोपर्यंत या बायकांच्या कामाला कोणी धंदा म्हणत नव्हतं, त्या फक्त जेवण करणाऱ्या होत्या. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला. माणसं गावाला गेली, खाती थकली ती थकलीच. आईनं तरी वही फाडली नाही.

आता माझ्याकडे ऑफिसची मुलं-मुली येतात, काही डबे बाहेर जातात. जेवण १०० रुपये: तीन पोळ्या, सुकी भाजी, उसळ किंवा आमटी, भात, कोशिंबीर. हॉटेलपेक्षा इतकं कमी कसं, असं लोक विचारतात. घर स्वतःचं आहे, भाडं नाही, हे एक. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नोंदणी लागत नाही, हे दुसरं. पण मुख्य म्हणजे मला आदल्या रात्री माहीत असतं की उद्या पानं किती. रात्री आठपर्यंत प्रत्येकानं हो-नाही कळवायचं, हा नियम. पानं माहीत असली की मी तेवढीच डाळ भिजवते, तेवढीच भाजी आणते. रात्री पातेली रिकामी असतात. माझ्याकडे दोघी पोळ्या लाटायला येतात, त्यांना महिन्याचा पगार आहे, सणाला सुट्टी आहे. तो पगार पानं ठरलेली आहेत म्हणूनच देता येतो.

कोणी न कळवता आलं नाही तर त्याचे पैसे मी लावते. सुरुवातीला लोकांना राग येतो. पण ते पैसे नाही लावले तर जे रोज येतात त्यांच्यावर बसतील, आणि ते मला बरोबर वाटत नाही.

---

हिशोबनीस

लालबागची ताई, तुमच्या प्रतिसादामुळे माझा एक जुना प्रश्न सुटला.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. जेवणाऱ्याकडून १० रुपये, पण शासनानं थाळीचा खर्च शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ धरला होता, उरलेले ४० किंवा २५ केंद्रचालकाला अनुदान. इकडे क्रिसिलचा घरगुती आकडा पाच वर्षांनंतरही तिशीच्या आत. मला वाटायचं की यात काहीतरी घोळ आहे. घोळ नाही. एकात मजुरी आहे, जागा आहे, वाढणारा माणूस आहे. दुसऱ्यात फक्त सामान आहे. मीठभाकर म्हणतात तेच दोन आकड्यांमधलं अंतर आहे.

आणखी एक ५० चा आकडा आयकरात होता. कंपनीनं जेवणाची कुपनं दिली तर १९६२ च्या आयकर नियमांप्रमाणे एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंतच करमाफी मिळायची. थाळी ६० ची असताना तो आकडा ठीक होता. ती १८० वर पोचेपर्यंत कुपनाची खरी किंमत कितीतरी उतरली. 

---

एकटाजीव

कंपनीवर कॅन्टीनची सक्ती नाही का?

---

हिशोबनीस

आहे, पण माणसांच्या संख्येची अट आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन लागायचं. २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेत ही संख्या १०० वर आणली आहे, आणि ती फक्त कारखान्यांपुरती नाही. चारपुडींच्या इमारतीत पंधरा-वीस कंपन्या असतील, प्रत्येकीत तीस-चाळीस माणसं. एकेकटी कंपनी त्यात बसणार नाही. इमारत मिळून मागितलं तर मालकाला विचार करावा लागेल, पण ती सक्ती नव्हे, विनंती.

---

नाक्यावरचा

बिलाचंही सांगतो, कारण यावरून टेबलावर वाद होतात. उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या हॉटेलाला कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, जाता येतं. त्यात कर मालकानं खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाच्या बिलात जीएसटी लावता येत नाही. बिलावर 'कंपोझिशन' असं लिहिलेलं असेल आणि खाली ५ टक्के लावले असतील तर हक्कानं विचारा.

---

रसायनवाला

डबा नेणार असाल तर भाताकडे लक्ष द्या. अन्न-तपासणीच्या कामात आहे म्हणून सांगतो.

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जितका वेळ राहील तितका धोका. सकाळी सहाला भरलेला डबा दीड वाजता उघडतो, म्हणजे साडेसात तास मुंबईच्या हवेत. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू शिजवल्यानं मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष मायक्रोवेव्हमध्ये गरम करून जात नाही. भात न्यायचाच तर ऑफिसात पोचल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. ओल्या नारळाचं वाटण, दही घातलेली कोशिंबीर मे आणि ऑक्टोबरमध्ये टाळा. पोळी आणि कोरडी भाजी पुष्कळ सुरक्षित. वाफ कोंडून झाकण लावू नका.

---

मावळचा

विचारलं. सध्या डोंबिवलीहून तुमच्या बाजूला पुरेसे डबे नाहीत, त्यामुळे रोजचं ठरवता येणार नाही म्हणाले. दहा-बारा जण तयार झाले, तेही रोजचे, तर बघू म्हणाले.

---

चारपुडी

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल घरी बसून बोललो, आईसकट. तिला मीठभाकर ताईंचा ४४ तासांचा हिशोब वाचून दाखवला. ती आधी गप्प होती, मग म्हणाली, बाजाराचा वेळ कमी धरलाय.

ठरलं ते असं. हिशोबासाठी २२ दिवस धरले होते, पण मी आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जातो. त्यातले दोन दिवस डबा, बाकीचा एक दिवस आणि अचानक बोलावलं तर ते दिवस बाहेर. डब्याच्या दिवशी भाजी मी करणार, आदल्या रात्री. पोळ्या आमच्या गल्लीतल्या केंद्रातून संध्याकाळी आणायच्या. बायको स्वतःच्या सोयीनं ठरवेल, ती चार दिवस जाते आणि तिच्या ऑफिसचं कॅन्टीन बरं आहे. आईनं पावणेपाचला उठायचं नाही, हे तिनंही मान्य केलं. एक अट घातली, गुरुवारचा उपासाचा डबा तीच करणार, आणि तो नऊनंतर खाली बसून. तो दिवस मी घरूनच काम करतो, त्यामुळे मला तो घरीच मिळेल.

लालबागची ताई, बाहेरच्या दिवसासाठी तुम्हाला विचारायचं होतं. आमच्या मजल्यावरचे नऊ जण तयार आहेत. प्रत्येकाचा ऑफिसचा दिवस वेगळा, पण बुधवारी सगळे असतात. बुधवारची नऊ पानं वर्षभर पक्की, कोणी नसलं तरी पैसे देऊ, असं आम्ही लिहून देतो. चालेल का? आमच्या ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटं आहे.

---

लालबागची

चालेल. नऊ जण एकदम नको, माझ्याकडे एका वेळी बाराच बसतात आणि रोजचे आधीच आहेत. पाच जण साडेबाराला, चार जण सव्वाला या. मंगळवारी रात्री आठपर्यंत एकानंच सगळ्यांचं कळवायचं, नऊ जणांचे नऊ निरोप नको. पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्या, म्हणजे वाण्याचं रोख देता येतं आणि दर थोडा खाली आणता येतो. श्रावणात कांदा-लसूण नसतो, ते आधी सांगून ठेवा सगळ्यांना.

---

मीठभाकर

ताई, माझ्या परळच्या ऑफिसात आम्ही सहा जणी आहोत. आमचा गुरुवार मिळेल का?

---

लालबागची

गुरुवारी सव्वाची पंगत रिकामी आहे. या.